.२२ रायफलीला नवी बॅरल बसवतोय: चेंबर कुठल्या काडतुसासाठी कापून घेऊ?

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फोर्ट कॉलिन्स, कोलोराडोहून लिहितोय. मूळचा सांगलीचा. कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला पहिल्यांदा .२२ (०.२२ इंच नळीची रायफल) हातात आली, खडकीच्या कारखान्याची केएफ काडतुसं होती. त्यानंतर वीस वर्षं काहीच नाही. २०२४ च्या १ ऑगस्टला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. ती फायनल मी इथे ऑफिसला जायच्या आधी पाहिली आणि त्याच आठवड्यात जवळच्या क्लबाचा सभासद झालो.

आता मुद्दा. एक जुनी आन्शुत्झ ५४ ॲक्शन (रायफलीचा बोल्ट आणि त्याचं घर) मिळाली आहे, एकेरी गोळीची, मॅगझिन नसलेली. ॲक्शन सुरेख आहे, बॅरल मात्र संपली आहे. नवी मॅच बॅरल घ्यायची ठरवली: स्टेनलेस, लॅप केलेली (आतून घासून गुळगुळीत), खाचांचा १६ इंचांत एक फेरा. कामाला परवानाधारक गनस्मिथ ठरला आहे. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "चेंबर कुठला?" म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा कुठल्या मापाची, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी फक्त झोपून, म्हणजे प्रोन नेमबाजी करतो. इथल्या सामन्यांत ५० यार्ड, ५० मीटर आणि १०० यार्ड अशी तिन्ही अंतरं येतात. वाचून एवढं कळलंय की साधा स्पोर्टिंग चेंबर ऐसपैस असतो, बेंट्झ मधला, आणि मॅच चेंबर आखूड व घट्ट. सगळ्यात घट्ट जो असेल तो कापून घ्यावा असं मनात आहे. इथल्या बेंचरेस्टवाल्यांकडे (टेबलावर रायफल टेकवून मारणाऱ्यांकडे) तसेच असतात. चूक करतोय का?

हिमरेषा | १२ जानेवारी, रात्री ११:०५

मिनेसोटाहून. मी मॅगझिनवाली रायफल वापरतो, पीआरएसच्या (प्रिसिजन रायफल सिरीजच्या) धर्तीवरच्या .२२ सामन्यांत, ३०० यार्डांपर्यंत. माझा चेंबर बेंट्झच्या जवळपासचा आहे. बोल्ट भरभर चालवायचा असतो, हातात जाड हातमोजे असतात, आणि भरलेली गोळी न झाडता बाहेर काढायची वेळ वारंवार येते. घट्ट चेंबरात हे सगळं त्रासाचं होतं. तुमची गरज वेगळी आहे, तरी "सगळ्यात घट्ट" हे उत्तर म्हणून मला पटत नाही.

रानवाट | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

एवढा खर्च करताच आहात तर सेंटरफायर (पेटणारा मसाला तळाच्या मध्यभागी असलेलं काडतूस) का नाही? ६ मिमी बीआर घ्या. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ते वर्षानुवर्षं चालतंय. काडतुसं घरी भरता येतात. चेंबरला साजेशी गोळी बसवायची, दारू कमीजास्त करायची, सगळं आपल्या हातात.

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

रानवाट, जवळ ३०० मीटरची रेंज नाही, आणि माझं मन .२२ वरच आहे. "काडतुसं घरी भरता येतात" हे मात्र डोक्यात राहिलं. .२२ मध्ये ते नाही. पेटीतून निघेल ती गोळी.

लेन_१२ | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

कृष्णाकाठ, तुमच्या या शेवटच्या वाक्यातच तुमचं उत्तर आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मी पुण्यात बालेवाडीला सराव करते, काही वर्षं राज्याकडून खेळले, आता मुलांना शिकवते. सेंटरफायरवाला आधी चेंबर कापतो आणि काडतूस त्या चेंबरला जुळवून घेतो. .२२ लाँग रायफलला हा रस्ता बंद आहे. १८८७ पासूनचं हे काडतूस. गोळी केसच्याच (मागच्या पितळी नळकांड्याच्याच) जाडीची, तिचा मागचा टाच मारलेला भाग केसमध्ये दाबलेला, बाहेर मेणाचा लेप आणि पेटणारा मसाला कडेच्या रिममध्ये. घरी यातलं काहीही बदलता येत नाही. म्हणून इथे क्रम उलटा लागतो. आधी ठरवायचं की पुढची पाचसात वर्षं मला कुठली काडतुसं सातत्यानं मिळणार आहेत. मग चेंबर त्यांच्यासाठी कापायचा.

सगळ्या मॅच काडतुसांचा आकार एक नसतो. इली आणि लापुआ या दोन काडतूस कंपन्या घ्या: इलीच्या टेनेक्सची ईपीएस गोळी चपट्या नाकाची, लापुआच्या मिडास प्लस किंवा सेंटर-एक्सची नाक गोल. नाकामागचा पट्टा, जो नळीच्या खाचांत सगळ्यात आधी शिरतो, तो दोघींत एकाच जागी येत नाही. एकीसाठी नेमका कापलेला आखूड चेंबर दुसरीला घट्ट होतो. इलीनं त्या गोळीसाठी म्हणून चेंबरचा आराखडाच वेगळा दिला, तो याचमुळे.

आता माझं सांगते. परदेशात सराव शिबिराला असताना माझ्या रायफलीला नवी बॅरल बसवून घेतली. गनस्मिथचं नाव लिहीत नाही. मी तेव्हा टेनेक्स वापरत होते, त्यानं त्यावर चेंबर कापला, आणि "घट्ट आहे, झकास जाईल" म्हणाला. गेलीही. सहा महिन्यांनी भारतात टेनेक्स मिळेना, संघाकडून दुसऱ्या कंपनीची पेटी आली. गोळी आत जायची, पण बोल्टची मूठ शेवटच्या पाव इंचाला अंगठ्यानं रेटायला लागायची. प्रोनमध्ये, खांद्याला बट, हाताला स्लिंग (पट्टा) आवळलेली, आणि प्रत्येक गोळीला उजवा हात जोर लावणार. पोझिशन हलली नाही तरच नवल.

खरी गोष्ट पुढे घडली. सामना चालू असताना कुणाचं तरी लक्ष्य बिघडलं आणि रेंज ऑफिसरनं "स्टॉप, अनलोड" पुकारलं. मी बोल्ट उघडला. केस बाहेर आली, गोळी नळीतच रुतून राहिली. केसमधली दारू सगळी ॲक्शनमध्ये सांडली, ट्रिगरपर्यंत गेली. ऑफिसरला बोलावून, परवानगी घेऊन, नळीच्या तोंडाकडून क्लीनिंग रॉडनं गोळी मागे ठोकून काढावी लागली. दाणे झटकून, फुंकून, ट्रिगर पुन्हा तपासून सामना पुरा केला. उरलेल्या बावीस गोळ्यांत माझं लक्ष एकदाही ठिकाणावर आलं नाही.

तेव्हा सगळ्यात घट्ट नको. तुम्हाला मिळणाऱ्या काडतुसाच्या अंगाचा चेंबर हवा.

करवीर | १४ जानेवारी, सकाळी ८:००

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी पंधरा वर्षांची, कोल्हापुरात क्लबाच्या रायफलीवर खेळते. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये प्रोनची विश्वविजेती झाली तेव्हापासून आमच्या गल्लीत हे वेड आहे. मी यातलं काही जाणत नाही, नुसता वाचतोय. बॅरल भारतात कापून मिळते का?

लेन_१२ | १४ जानेवारी, सकाळी ८:४०

करवीर दादा, शस्त्र कायदा १९५९ खाली शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि बनवणं, दुरुस्त करणं, बदल करणं याला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे ओळखीच्या टर्नरकडून काही करून घ्यायचा विचारही नको. बहुतेक खेळाडू कारखान्यातून आलेली पूर्ण रायफल रीतसर आयात करतात आणि तिच्यातला चेंबर आहे तसा स्वीकारतात. मग तुमच्या हातात उरतं ते फक्त काडतूस निवडणं. त्यावर पुढे बोलू, तुमच्या मुलीसाठी तेच जास्त कामाचं आहे.

खराद | १४ जानेवारी, दुपारी १:१५ (ओहायो)

भोसरीत टूलरूममध्ये उमेदवारी केली, पंचवीस वर्षं झाली इथे ओहायोत. स्वतःचा लेथ आहे, परवाना आहे, .२२ च्या बॅरली बसवतो. ताईंशी बऱ्याच अंशी सहमत. एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे, ते शेवटी.

कृष्णाकाठ, तुमच्या गनस्मिथला या गोष्टी विचारा.

सर्वांत आधी बॅरल आतून कशी आहे ते बघायचं. शिशाची मऊ गोळी तेल लावून नळीतून हातानं ढकलायची. हाताला कळतं कुठे आवळतं, कुठे सैल पडतं. चांगल्या लॅप केलेल्या नळीतही एखादी जागा किंचित घट्ट असते. ती जागा तोंडाशी यायला हवी, म्हणजे गोळी बाहेर पडताना सैल होणार नाही. कोरी नळी गरजेपेक्षा लांब येते ती यासाठीच. कुठून किती कापायचं हे ही गोळी सांगते. जो माणूस नळी आली तशी लेथला लावतो त्याच्याकडे जाऊ नका.

मग सेंटर. नळीचं बाहेरचं अंग आणि आतलं भोक कधीच तंतोतंत एका मध्यावर नसतात. डायल (बारीक मोजमापाचं घड्याळ) भोकाच्या आत, खाचांवर लावून सेंटर काढायचं, बाहेरच्या अंगावर नाही. मी ५ मायक्रॉनच्या आत आणल्याशिवाय रीमर (चेंबर कापायचं हत्यार) हातात घेत नाही. .२२ ची गोळी शिशाची, ती वाकडी घुसली तर वाकडीच राहते. जॅकेटवाली गोळी थोडंफार सोसते, ही सोसत नाही.

रीमरच्या टोकाला चेंबर संपून खाचा सुरू होतात तिथला उतार, त्याला लीड म्हणतात. .२२ च्या मॅच रीमरमध्ये दीड अंश आणि दोन अंश हे नेहमीचे. दीड अंशात गोळी लांबवर हळूहळू धरली जाते, दोन अंशात लवकर. माझा कल दीडकडे, प्रोनसाठी.

खोली किती? याला आकडा सांगणारा माणूस अर्धंच सांगतो. मी रीमर थोडा थोडा घालतो, काढतो, आणि गिऱ्हाईकाची काडतुसं हातानं बसवून बघतो. गोळीच्या पुढच्या पट्ट्यावर खाचांचे बारीक ठसे सगळ्या बाजूंनी सारखे उमटले पाहिजेत. बोल्ट अंगठा आणि एका बोटानं मिटला पाहिजे. आणि न झाडलेलं काडतूस बाहेर काढलं की गोळी केसबरोबरच आली पाहिजे. ताईंना जे भोगावं लागलं ते इथेच टळतं, दोन मिनिटांच्या कामात.

हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि रिम टेकते ती पायरी यांच्यातलं अंतर. .२२ मध्ये ते रिमच्या जाडीवर ठरतं. ०.०४३ इंच, म्हणजे १.०९ मिमीच्या आसपास मी ठेवतो. जास्त सैल ठेवलं तर फायरिंग पिनचा ठोका रिमला पुढे ढकलण्यात वाया जातो, मसाला कधी पूर्ण पेटतो, कधी अर्धवट, आणि वेगात फरक पडतो. तो फरक कागदावर वरखाली दिसतो.

तुमच्या ५४ ॲक्शनमध्ये आणखी एक गोष्ट: जुन्या ५४ ला बॅरल आटे पाडून नाही, दाबून बसवलेली असते आणि आडव्या पिनांनी धरलेली. गनस्मिथला हे माहीत आहे ना, विचारून घ्या.

आता मतभेद. ताई म्हणतात एकाच कंपनीच्या काडतुसावर चेंबर ठरवा. मी म्हणतो दोन कंपन्यांची घ्या आणि जी जास्त लांब रुतते तिच्यावर थांबा. दुसरी जरा कमी रुतेल, पण चालेल. बाजाराचं काय सांगावं. २०२० नंतर आम्ही इथे अमेरिकेतसुद्धा मॅच काडतुसांसाठी महिनोन् महिने थांबलो.

लेन_१२ | १५ जानेवारी, सकाळी ७:५०

खराद दादा, तुमचं म्हणणं भारतातल्या कुणासाठी मी डोळे मिटून मान्य करीन, कारण आमच्याकडे काय येईल ते येईल. पण कृष्णाकाठ अमेरिकेत आहेत, एकरकमी पाच हजार गोळ्या घेऊन ठेवू शकतात. ज्याला साठा करता येतो त्यानं एकीसाठीच नेमकं कापून घ्यावं. "जरा कमी रुतेल, पण चालेल" हे ५० मीटरला चालतं. त्यांना १०० यार्डही मारायचे आहेत.

खराद | १५ जानेवारी, सकाळी ८:३०

१०० यार्डाचा मुद्दा खरा आहे. मागे घेतो. पाच हजार एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) घेणार असतील तर एकीसाठीच कापू द्या.

कृष्णाकाठ | १५ जानेवारी, रात्री ९:१५

दोघांचे मनापासून आभार. दोन प्रश्न. एक, १०० यार्डात एवढं काय बिघडतं? दुसरा, लॉट लॉट सगळेच म्हणतात, तो चेंबरच्या आधी ठरवायचा की नंतर?

खराद | १५ जानेवारी, रात्री १०:४०

पहिल्याचं गणित कागदावर करून बघा. लापुआच्या मॅच काडतुसाचा वेग ३२७ मीटर प्रति सेकंद सांगितलेला असतो. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद. तेवढ्यात ती बारा-साडेबारा सेंटिमीटर पडते. आता एखादी गोळी १० मीटर प्रति सेकंदानं मंद निघाली. ३ टक्के फरक, पडण्यात ६ टक्के, म्हणजे सात-आठ मिलिमीटर खाली. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. गोळी ५.६ ची आणि वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत हवं. सात-आठ मिलिमीटर गोळीनंच खाल्ले तर नेमबाजाला शिल्लक काय राहिलं?

१०० ला वेळ दुपटीहून जरा जास्त, पडणं चौपटीहून जास्त. तोच १० चा फरक तीन सेंटिमीटरच्या वर जातो. ५० ला झाकलेला दोष १०० ला उघडा पडतो. पेटणं सारखं, रुतणं सारखं, तर वेग सारखा. चेंबरचं काम एवढ्यासाठी.

लेन_१२ | १६ जानेवारी, सकाळी ८:२०

दुसऱ्याचं मी सांगते. जात आधी, लॉट नंतर. म्हणजे टेनेक्स की मिडास की आरडब्ल्यूएस आर ५०, हे चेंबर कापायच्या आधी ठरवायचं, कारण गोळीचा आकार त्या जातीचा असतो. लॉट मात्र बॅरल तयार झाल्यावरच. कुठला लॉट कुठल्या नळीला मानवेल हे जगात कुणी आधी सांगू शकत नाही. एकाच यंत्रावर, एकाच आठवड्यात निघालेले दोन लॉट एका रायफलीत जमीन-अस्मान. शेजारच्या लेनवरच्या मुलीची लाडकी पेटी माझ्या रायफलीत अगदी साधारण.

म्हणून मोठे खेळाडू रायफल घेऊन कारखान्याच्या टेस्ट रेंजला जातात. लापुआची रिमफायर काडतुसं जर्मनीत श्योनेबेकला बनतात, तिथे आहे. तुमच्या देशात ॲरिझोनात मेसाला आहे. इलीचं टेक्सासमध्ये विंटर्सला. रायफल शिकंज्यात धरतात, लॉटमागून लॉट झाडतात, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य आकडे देतं. आवडलेला लॉट तिथेच राखून घ्यायचा.

हिमरेषा | १६ जानेवारी, दुपारी १२:३०

थंडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. २० अंशाला ३४३ मीटर प्रति सेकंद, शून्याला ३३१, उणे १० ला ३२५. म्हणजे आमच्या जानेवारीत ३२७ ची गोळी आवाजाच्या पुढे निघते आणि थोड्याच अंतरावर मागे येते, त्या उंबरठ्यावर ती डळमळते. शिवाय मेण कडक होतं, नळीत पहिल्या काही गोळ्या परक्यासारख्या जातात. बायॅथलॉनवाले (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र करणारे) म्हणूनच थंडीसाठी केलेली वेगळी काडतुसं वापरतात, लापुआचं पोलार बायॅथलॉन त्यातलंच. कोलोराडोत हिवाळ्यात बाहेर सराव करणार असाल तर टेस्टचे आकडे आणि तुमचे आकडे जुळणार नाहीत. काडतुसं अंगावरच्या जॅकेटच्या आत ठेवा.

कृष्णाकाठ | १६ जानेवारी, रात्री ९:००

हे मला खरंच सुचलं नसतं. धन्यवाद.

अवांतर: पुण्यातला माझा चुलतभाऊ हा धागा वाचतोय, तोही नेमबाज आहे. म्हणतोय, मेमध्ये येतोस तर सामानात एक बॅरल घेऊन ये.

खराद | १६ जानेवारी, रात्री ९:२०

अजिबात नको. बॅरल अमेरिकेबाहेर न्यायला निर्यातीचा परवाना लागतो आणि भारतात शिरताना आयातीचा. दोन्हीकडे गुन्हा होईल. तुमचंही आयुष्य जाईल, त्याचंही.

लेन_१२ | १७ जानेवारी, सकाळी ७:३०

दादांशी शंभर टक्के सहमत. चुलतभावाला सांगा, शस्त्र नियम २०१६ मध्ये नेमबाजांसाठी वेगळे वर्ग आहेत, पात्रता गुण मिळवून रीतसर अर्ज करायचा. वेळ लागतो. तेवढा वेळ आमच्यातल्या प्रत्येकानं काढला आहे.

कृष्णाकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ८:४५

ठरलं. लापुआ. कारण सरळ आहे: मेसाला गाडीनं जाता येतं, आणि सेंटर-एक्स व मिडास प्लस दोन्ही एकाच चेंबरात चालतील, म्हणजे सराव एकावर, सामना दुसऱ्यावर. लीड दीड अंश. गनस्मिथला खराद दादांचे सगळे प्रश्न विचारले. शिशाची गोळी ढकलायचं म्हटल्यावर तो उठला आणि कपाटातून त्याचा रॉड काढून दाखवला. पिनांचंही त्याला माहीत होतं. मी दोन्ही काडतुसांच्या प्रत्येकी दोन पेट्या स्वतः नेऊन दिल्या. लांबी २६ इंच ठेवतोय. त्यापेक्षा लांब हवी का?

खराद | २ फेब्रुवारी, रात्री ९:३०

.२२ ची दारू पुढच्या बऱ्याच इंचांच्या आधीच जळून संपते, लांबीनं वेग वाढत नाही. लांबी साइटच्या अंतरासाठी आणि वजन पुढे ठेवण्यासाठी. २६ ठीक. तोंडाशी ट्यूनर (पुढेमागे सरकवायचं वजन) लावायला जागा सोडायला सांगा.

कृष्णाकाठ | २० जून, रात्री १०:१०

मंडळी, उशिरा पण सविस्तर.

बॅरल एप्रिलअखेर तयार झाली. चेंबर कापताना गनस्मिथनं मला शेजारी उभं केलं. चौथ्यांदा रीमर काढला तेव्हा गोळीवर एकाच बाजूला ठसा होता. त्यानं काही न बोलता डायल पुन्हा लावला, सेंटर पुन्हा काढलं, तासभर गेला. पाचव्या वेळी ठसे चारी बाजूंनी. मी स्वतः दहा काडतुसं बसवून न झाडता काढली. दहाही सबंध बाहेर आली.

दोनएकशे गोळ्या झाडून नळी बसू दिली आणि मेला भारतवारी उरकून जूनमध्ये मेसाला गेलो. दीड हजार किलोमीटरच्या आसपास गाडी चालवली. नऊ लॉट झाडले. ५० आणि १०० मीटरचे आकडे एकाच वेळी मिळतात, तीच गोळी दोन्ही ठिकाणी मोजली जाते. ५० ला दहा गोळ्यांच्या ग्रुपची (लक्ष्यावरच्या पसाऱ्याची) सरासरी, मध्य ते मध्य: सगळ्यात वाईट लॉट १९ मिमी, सगळ्यात चांगला १२.६, त्याच्या मागोमाग १३.१. मी १२.६ वाला उचलणार होतो. तेवढ्यात १०० चे आकडे पाहिले. १२.६ वाला तिथे ३८ मिमी, आणि बहुतेक पसारा उभा. १३.१ वाला ३० मिमी, गोल. खराद दादांचं गणित डोळ्यांसमोर. दुसरा घेतला, पाच हजार.

आणि एक. वाईट निघालेल्या लॉटमध्ये एक मिडास प्लस होता, आणि निवडलेला लॉट सेंटर-एक्सचा आहे. स्वस्तातला.

लेन_१२ | २१ जून, सकाळी ८:००

फार छान वाटलं वाचून. अर्धा मिलिमीटर सोडून गोल ग्रुप उचललात हे विशेष. आता नळी स्वच्छ ठेवा. .२२ च्या मसाल्यात बारीक काचेची पूड असते, ती, काजळी आणि मेण मिळून केसचं तोंड संपतं त्याच्या लगेच पुढे एक कडक कडं धरतं. तुमच्या चेंबरात गोळी रुतलेली असते, त्यामुळे ते कडं वाढलं की बोल्ट जड व्हायला लागेल. जड लागला की चेंबर घट्ट झाला असं समजू नका, कडं साफ करा. मी मुलांना प्रत्येक सरावानंतर चेंबरकडून ओला पॅच आणि दर काही शे गोळ्यांनी ब्राँझचा ब्रश सांगते. रॉड मागूनच घालायचा, गाइड लावून. नळीच्या तोंडावर घासू द्यायचा नाही.

करवीर | २१ जून, रात्री ९:५०

ताई, तुम्ही जानेवारीत म्हणाला होता, काडतूस निवडणं यावर पुढे बोलू. पोरगीसाठी काय करू? आमच्याकडे मेसा नाही, शिकंजा नाही.

लेन_१२ | २२ जून, सकाळी ७:४०

दादा, शिकंजा नसला तरी चालतं. क्लबात ज्यांच्याकडे वेगवेगळ्या लॉटच्या पेट्या आहेत त्यांच्याकडून क्लबच्या नोंदवहीत लिहून, प्रशिक्षकांच्या देखरेखीत, प्रत्येकी एक पेटी सरावाला घ्या. पेटीवरचा लॉट नंबर लिहून घ्यायचा. टेनेक्सच्या पेटीवर त्या लॉटचा वेगही छापलेला असतो. मुलीला प्रोनमध्ये, पुढे भक्कम आधार देऊन झोपवा. लॉट बदलला की आधी पाच-सहा गोळ्या मातीत जाऊ द्या, जुन्या मेणाची जागा नवं मेण घेईपर्यंत. मग दहा दहाचे चार ग्रुप. साइटला हात लावायचा नाही. ग्रुप कुठे बसला ते बघू नका, किती पसरला ते बघा. आणि एका दिवशी दोनच लॉट, नाहीतर पोरगी दमते आणि आपण दोष काडतुसाला देतो. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा.

करवीर | १९ जुलै, रात्री ८:३०

ताई, चार लॉट झाले. वही पोरगीनंच ठेवली आहे, फूटपट्टीनं मोजून. प्रशिक्षकांनी तपासली. दोन दिवस क्रम बदलून केलं तरी निकाल तोच: आम्ही सामन्यासाठी जपून ठेवलेली महागाची पेटी तिसरी आली. पहिली आली ती सरावाची, २२ मिमीच्या आत, दोन्ही दिवशी. बोल्टही त्यात हलका लागतो म्हणते. त्या लॉटच्या आमच्याकडे दोनच पेट्या उरल्यात. उद्या क्लबात सगळ्यांच्या कपाटातल्या पेट्यांवरचे नंबर बघायला जातोय.